तुमच्या कोटातला गजर

मामाजी,

काल तुमची तेरवी झाली. पंगती उठल्यावर माणसं ओट्यावर बसून तुमच्याबद्दल बोलत राहिली. हेडमास्तरांची शिस्त, हेडमास्तरांचं अक्षर, हेडमास्तरांची छडी. मी दाराआड भांडी आवरत ऐकत होते. एकानेही शेवटच्या दीड वर्षाचं नाव काढलं नाही. जणू शाळेतून निवृत्त झालात आणि तडक या फाल्गुनात गेलात. माणसं चांगली असतात, गेलेल्याचं झाकून ठेवतात. पण झाकपाक मला कधी जमली नाही आणि तुम्हालाही ती खपत नसे. म्हणून त्यांनी जे गाळलं तेवढंच मी लिहिते. शिवाय दोन महिने मी एक लबाडी केली, तीही तुम्हाला सांगायची राहिली आहे.

विसरण्याला सुरुवात नेमकी कधी झाली ते मला सांगता येणार नाही. चष्मा, किल्ली, धोतराचा जोड हे सगळेच विसरतात. पण एक दिवस तुम्ही जेवता जेवता विचारलंत, "सूनबाई, तुझी सासू काऊन दिसून नाही राह्यली?" सासूबाईंना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी खरं सांगितलं. तुम्ही ताटावरून उठलात आणि दिवसभर रडलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलंत, पुन्हा रडलात. असे आठ दिवस काढले आणि नवव्या दिवशी मी म्हणाले, "माहेरी गेल्या आहेत." तुम्ही म्हणालात, "बरं. पत्र टाक, सावकाश ये म्हना." आणि भाकरीचा तुकडा मोडलात. खोटं बोलायला मी त्या दिवशी शिकले, मामाजी, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

बाकी तुम्हाला काही मागणं नव्हतं. एकच होतं. चार वाजले की बंद गळ्याचा कोट, टोपी, काठी, आणि लोणारच्या तळ्याकडे फेरी. काठावर थोडं टेकायचं, मग पायऱ्यांनी अर्ध्यापर्यंत उतरून सीताफळीच्या सावलीत बसायचं. पण भाद्रपदात तुम्ही परत येणं विसरलात. बकऱ्या चारणाऱ्या एका माणसाने हाताला धरून आणलं. दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा तेच झालं, आणि या वेळी तुम्ही खाली पार पाण्यापर्यंत गेला होतात. खारट चिखलात वहाणा रुतलेल्या, कोपर खरचटलेलं.

दुसऱ्या दिवशी तुमच्या चिरंजीवांनी तुमच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी ठोकून घेतली. ते वाईट नाहीत. मेहकरच्या कचेरीत कारकुनी करतात, सकाळच्या एसटीने जातात, अंधार पडल्यावर येतात, आणि दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर ते तळं असायचं. त्यांनी कडी लावून पाहिली. आतून तुम्ही दार ठोकलं नाहीत की ओरडला नाहीत. थोड्या वेळाने फटीतून आवाज आला, "सूनबाई, माझं काय चुकलं?"

जन्मभर तुम्ही मस्तीखोर पोरांना शाळा सुटल्यावर वर्गात कोंडलंत. ती पोरं काय म्हणत असतील तेच तुम्ही म्हणालात. मी कडी काढली आणि यजमानांशी भांडले. असं भांडण आमचं लग्न झाल्यापासून झालं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं, की मी काही उपाय काढते. उपाय चालला तर तुम्ही मोकळे. एकदा जरी पुन्हा हरवलात तर कडी, आणि मग मी तोंड उघडायचं नाही.

उपाय काढला नामदेव घड्याळजीने. एसटी स्टँडजवळ त्याची टपरी, डोळ्याला भिंग लावून बसलेला असतो. तुमचाच विद्यार्थी. मी त्याला म्हटलं, "नामदेवभाऊ, गुरुजींना पाच वाजता घरी यायची आठवण होईल असं काही करता येईल का? घरात नाही, ते असतील तिथं." तो म्हणाला, "वहिनी, घड्याळ मानसाच्या मांगं नाही जात. मानसानं घड्याळ घेऊन जा लागते." त्याने तळहाताएवढं गजराचं घड्याळ शोधलं, पाय कापले, मागचा पत्रा घासून पातळ केला, आणि मी तुमच्या कोटाला आतून एक कप्पा शिवला. निघताना चावी द्यायची, गजराचा काटा पाचावर. नामदेवने मला वहीही दिली. रोज लिहायचं: वाजलं का, ऐकलं का, आले का. चालत असेल तर तालुक्यात अशी कितीतरी घरं होती, त्यांच्यासाठी तो करणार होता. "पन वहीत खरं लेहा वहिनी," म्हणाला, "माह्या मनाले बरं वाटावं म्हनून नोका लेहू."

पहिल्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. पाच वाजून गेले, सहा झाले. शेवटी पळत गेले तर तुम्ही पायरीवर ताठ बसलेले. "मामाजी, वाजलं नाही?" "वाजलं ना." "मग?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तुमच्या नजरेत मी अजून बालवर्गातली होते. "शाळा सुटली म्हणून हेडमास्तर आधी पळते का बे? पोरं जाऊ दे, मास्तर जाऊ दे. शेवटी मी."

मी तिथेच पायरीवर बसून हसले. तुम्हीही हसलात, कशाला ते ठाऊक नसताना. वहीत लिहिलं: वाजलं, ऐकलं, आले नाहीत, कारण पोरं अजून गेली नव्हती.

घंटेचा आवाज शाळेसारखा नको म्हणून नामदेवने हातोडीला चामड्याचा तुकडा बांधला. आता ते नुसतं चुकचुकायचं. तर तुम्ही घरातून निघताना पाल चुकचुकली की थांबणारे! कोटात चुकचुक झाली की तुम्ही उठता उठता पुन्हा खाली बसायचात, अपशकुन टळेपर्यंत. म्हणजे जे घड्याळ उठवायला केलं तेच तुम्हाला खिळवून ठेवायला लागलं. नामदेवने कपाळाला हात लावला.

मधल्या काळात त्याला वाटलं, दुसऱ्या कुणावर करून पाहू. शेजारच्या सरूआजीला आम्ही ते बटव्यात घालून दिलं. तिला दुपारी औषध घ्यायचं लक्षात राहत नसे. पहिल्यांदा गजर झाला तसा तिने बटवा काढून गोधडीत गुंडाळला आणि थोपटत बसली. मला म्हणाली, "लेकरू कोनाचं हाय वो? भुकेलं हाय ते. मायले बलाव." मी औषधाची बाटली तिच्या हातात दिली तर ती बटव्यालाच पाजायला निघाली. मी हे तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही गंभीर होऊन म्हणालात, "म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही राह्यलं. जपा तिले."

मग मी कप्प्यात चिठ्ठी ठेवली. गजर होईल, हात खिशात जाईल, चिठ्ठी लागेल. लिहिलं, 'मामाजी, पाच वाजले. घरी या.' संध्याकाळी तुम्हाला आणायला मलाच जावं लागलं. चिठ्ठी हातात होती. खिशातल्या तांबड्या पेन्सिलीने तुम्ही माझं अक्षर सुधारलं होतं आणि खाली दहापैकी चार दिले होते. मॅट्रिक झालेली सून, आणि चार! मी त्या रात्री यजमानांना दाखवलं. किती तरी दिवसांनी ते पोट धरून हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

त्या चार मार्कांनीच मला वाट दाखवली. तुम्ही मुलाचं ऐकत नव्हता, माझं ऐकत नव्हता, घड्याळाचं तर नाहीच. तुम्ही जन्मभर ऐकलंत ते एकाच माणसाचं, हेडमास्तराचं. एका सकाळी तुमचं डोकं स्वच्छ होतं. मी दौत-टाक पुढे ठेवली आणि म्हटलं, एक हुकूम काढायचा आहे. तुम्ही विचारलंत, "कोनासाठी?" मी म्हटलं, "एक गृहस्थ आहेत, पाचच्या पुढे बाहेर थांबतात." तुम्ही मान हलवलीत आणि तुमच्या त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलंत: पाच वाजले. ताबडतोब घरी जावे. घरचे काळजी करतात. खाली सही.

त्या संध्याकाळी सव्वापाचला तुम्ही दारात होतात. दुसऱ्या दिवशीही. चामडं काढून टाकलं, घंटा पुन्हा खणखणीत वाजू लागली, तुम्ही खिशात हात घालायचात, स्वतःचा हुकूम वाचायचात आणि उठायचात. मी वहीत बरोबरच्या खुणा करत गेले. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. कडीला गंज धरायला लागला. मामाजी, ते दोन-अडीच महिने मी फार सुखात होते.

त्यातच एक दिवस आपलं ते बोलणं झालं, जे पुढं पुरं झालं नाही. मी तुमच्या कोटात घड्याळाला चावी देत होते. तुम्ही माझा हात धरलात. डोळे इतके स्वच्छ होते की मी घाबरले. "सूनबाई, हे घड्याळ माझ्यासाठी आहे का तुमच्यासाठी?"

"तुमच्यासाठीच की."

"मले तर तिथं बसल्यावर घरी या लागते हेच आठवत नाही. म्हणजे मले काही त्रास नाही. मी मजेत बसतो. त्रास तुमाले होते. मंग घड्याळ कोनाचं झालं?"

"पण अंधारात पाय घसरला तर?"

"तर घसरला." तुम्ही कोटाची गुंडी लावलीत. "कडी नाही, दोरी आहे. लांब आहे एवढंच."

मला राग आला. दहा ठिकाणी धावून मी हे उभं केलं आणि तुम्ही दोरी म्हणता! मी फणकाऱ्याने म्हणाले, "जा मग, नका येऊ." तुम्ही गेलात, सव्वापाचला आलातही. पण तोवर तुम्ही ते बोलणं विसरला होतात. भांडणाची ही कसली रीत, मामाजी? तुम्ही वार करून मोकळे, आणि मी महिनोन्‌महिने उत्तरं जुळवत बसलेली. धुणं धुताना, दळण निवडताना मी तुमच्याशी भांडत होते. चांगली उत्तरं सुचली होती मला. तुमचे डोळे पुन्हा तसे स्वच्छ झाले की देईन म्हणत होते. ते तसे झालेच नाहीत.

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात तुम्ही सव्वापाचला आला नाहीत. मी कळशी उचलली आणि धारेच्या, त्या गोड्या पाण्याच्या झऱ्याच्या, बाजूने खाली गेले. तुम्ही बसला होता, हातात हुकूम उघडा. मला पाहून म्हणालात, "बाई, हे पाहा. कोनाचं अक्षर आहे, काय माहीत. पन मोठं झाक आहे." सूनबाई म्हणायचं तुम्ही त्याच्या आधीच सोडलं होतं. आता स्वतःची सहीही परकी झाली होती. तुम्ही चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवलीत आणि पुन्हा बसून राहिलात.

त्या दिवशी मी यजमानांना सांगायला हवं होतं. उपाय संपला होता. नामदेवच्या वहीत फुली मारायला हवी होती. मी वही उघडली, टाक हातात घेतला, आणि दाराच्या फटीतून आलेला तो तुमचा प्रश्न मला ऐकू आला. मी बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता तुम्ही निघालात की मी घराला कुलूप लावायची आणि हातात कळशी घेऊन मागच्या बोळाने काठावर पोचायची. टपरीवरून गेले असते तर नामदेवला दिसले असते. बाई कळशी घेऊन धारेकडे निघाली तर कोण विचारतं? तुम्ही बसायचात, मी तुमच्या वरच्या अंगाला झाडाआड बसायची. पाचला तुमच्या कोटात घंटा वाजायची, तुम्ही हुकूम वाचायचात, घडी करायचात, बसून राहायचात. मग मी कळशी घेऊन तुमच्या समोरून जायची आणि चार पावलांवर उभी राहायची. बोलायची नाही. बोललं की तुम्ही घाबरायचात. थोड्या वेळाने तुम्ही उठायचात आणि वर चढायला लागायचात. कशाने उठत होतात ते मला कळत नव्हतं. पायांना जुनी सवय असेल, असं मी मानलं. मी वीस पावलं मागे. तुम्ही मधे मधे थांबायचात, मला वाटायचं दम लागला. तुम्ही थांबलात की मीही थांबायची, मग तुम्ही पुढे निघायचात. असं करत आपण मागच्या बोळानेच घरी यायचो. भरलेली कळशी कमरेवर, पुढे सासरा, मागे सून, आणि दोघांत एक शब्द नाही. सगळ्या संसारात तुमच्याबरोबर मी एवढी कधी चालले नव्हते.

रात्री वहीत खूण. यजमान म्हणायचे, "घड्याळानं कमाल केली बुवा." मी म्हणायची, "केली खरी."

शिमगा झाला आणि तुम्हाला ताप भरला. सहाव्या दिवशी, भर दुपारी, तुम्ही गेलात. कडी दाराला तशीच होती, एकदाही पुन्हा लागली नाही. एवढं मात्र मी जिंकले.

पण लबाडीला पाय फुटतात. आज सकाळी नामदेव आला. तेरवीला आला होता तेव्हा काही बोलला नाही, आज पिशवी घेऊन आला. पिशवीत तीन घड्याळं, पाय कापलेली, पत्रा घासलेला. वही मागितली. साखरखेर्ड्याचा कोणी शेतकरी आहे, त्याची आई तुमच्यासारखीच. नामदेवने त्याला सांगितलं होतं, आमच्या गुरुजींवर करून पाहिलं, शेवटचे चार महिने एकदाही चुकलं नाही. त्या भरवशावर तो मुलगा आईला गळ्यात घड्याळ घालून मोकळी सोडणार आणि दिवसभर शेतात जाणार होता.

मी वही दिली नाही. खाली बसले आणि सांगून टाकलं. संक्रांतीनंतरच्या सगळ्या खुणा खोट्या आहेत, नामदेवभाऊ. घड्याळ वाजत होतं, पण त्याने गुरुजी येत नव्हते.

त्याचा चेहरा पडला. "वहिनी, म्या तुमाले पयल्याच दिवशी म्हनलं होतं. उद्या ती बुढी कुठं पडली असती म्हंजे?" तो घड्याळं पिशवीत भरायला लागला, मग मधेच थांबला. "पन मंग गुरुजी येत कशानं होते? म्या तर रोज पाह्यलं, चार वाजता जात, अन् तुमी म्हनता सव्वापाचले घरी."

"मी असायची मागे. कळशी घेऊन. ते मला ओळखत नव्हते."

नामदेवने पिशवी खाली ठेवली. मग भिंतीला टेकून खाली बसला.

"वहिनी, गुरुजी जाता जाता रोज टपरीपाशी थांबत. मले म्हनत, 'नामदेव, घाई आहे.' म्या इचारलं एक दिवस, कायची घाई गुरुजी? तर म्हने, 'तळ्यावर एक बाई येते रे. रोज वाट चुकते बिचारी, पान्याची कळशी घेऊन उभी राह्यते. बोलत नाही, भेलेली आहे. तिच्या घरचे काळजी करत असतीन. मी पुढं होतो, तिले चढ लागला का थांबतो, अन् तिच्या घरी पोचवून देतो. मी नाही गेलो तर तिले कोन आनीन?' म्या समजलो, गुरुजीले भास होऊन राह्यले. म्हनून तुमाले नाही सांगितलं."

मामाजी, मी रोज नीट पोचत होते. एवढंच तुम्हाला कळवायचं होतं.